कणगीचा तळ

'आगोट' हा शब्द अलीकडे कानांवर येईनासा झाला आहे. आमच्या लहानपणी, मुरबाड तालुक्यात, वैशाख अर्धा सरला की घरोघर हाच शब्द ऐकू येई. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. आणि आगोटीची बेगमी म्हणजे पुढले चार महिने बाजाराचे दर्शन घडणार नाही असे धरून केलेला साठा. मीठ, मिरच्या, गूळ, हळद, रॉकेल, काड्यांच्या पेट्या, वाळलेली लाकडे, पापड आणि लोणची, हे सारे मृगाच्या आधी घरात आलेच पाहिजे. एकदा ओढे दुथडी भरून वाहू लागले, म्हणजे मुरबाडची पेठ आठ कोसांवर असली काय आणि चंद्रावर असली काय, सारखेच! या जुन्या शब्दाची आठवण आम्हांस गेल्या कार्तिकात अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. ते ठिकाण म्हणजे आमच्या शहापूरच्या घराची गच्ची, आणि निमित्त झाले आकाशातून जाणाऱ्या दोन दिव्यांचे.

नोकरीच्या निमित्ताने मुंबईत चाळीस वर्षे घालवून आम्ही आता मुलाकडे शहापुरास येऊन राहिलो आहोत. संध्याकाळची वेळ होती. माहुलीचे सुळके अजून पुरते काळोखात बुडाले नव्हते. इतक्यात आमची नात जिन्यावरून ओरडली, "आजोबा, लवकर वर या ना! स्थानक यायला तीनच मिनिटं राहिलीत!" स्थानक म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे आसनगाव उभे राहते. ते बिचारे जागच्या जागी असते आणि गाड्या त्याच्याकडे येतात. येथे स्थानकच यावयाचे होते! आम्ही गुडघे सांभाळीत वर गेलो. थोड्या वेळाने माहुलीच्या मागून एक ठळक, स्थिर प्रकाशाचा ठिपका वर आला, आणि न लुकलुकता, न आवाज करता आमच्या डोक्याकडे सरकू लागला. त्याच्या मागोमाग, काही अंतर राखून, दुसरा एक अंधुक ठिपका त्याच वाटेने येत होता.

"तो मागचा आहे ना, तो सामानाचा," नात म्हणाली. "त्यात माणूस नाही. जेवण, पाणी, कपडे, सगळं घेऊन एकटाच चाललाय." मग क्षणभर थांबून तिने विचारले, "आजोबा, त्यांना हा डबा पाठवतं कोण?"

आम्ही रशिया, अमेरिका, जपान अशी नावे सांगून वेळ मारून नेली. पण 'डबा' हा तिच्या तोंडचा शब्द आमच्या मनात रुतून बसला. त्याचे कारण पुढे येईलच. आधी त्या डब्याची हकीकत सांगितली पाहिजे.

पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर जितके दूर साधारण तितकेच वर, हे आंतरराष्ट्रीय स्थानक ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने फिरते आणि दीड तासात पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी करते. नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसांची वस्ती अखंड आहे. तेथे काही पिकत नाही. प्रयोगादाखल पालेभाजीची चार पाने उगवतात, पण त्यांवर पोट भरत नाही. विहीर नाही, वारा नाही, शेजारही नाही. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावयास जाण्याची सोय नसलेले असे घर दुसरे नसेल. तेथे जे काही आहे ते सारे खालून गेलेले आहे, आणि जे संपते ते खालूनच यावे लागते.

आरंभीच्या स्थानकांना ही सोयही नव्हती. रशियनांनी १९७१ साली पहिले 'साल्युत' वर धाडले, तेव्हा जे घर तेच कोठार असा प्रकार होता. बरोबर नेलेली शिदोरी आणि इंधन सरले की मुक्काम हलवावयाचा. १९७७ मध्ये गेलेल्या सहाव्या 'साल्युत'ला मात्र पुढचे आणि मागचे अशी दोन दारे ठेवली होती. पुढच्या दारी माणसांचे यान लागलेले असताना मागचे दार मोकळे राही. त्या मागच्या दाराशी २२ जानेवारी १९७८ रोजी 'प्रोग्रेस' नावाचे एक यान आपण होऊन येऊन लागले. आत रोमानेन्को आणि ग्रेच्को असे दोघे रहिवासी होते. त्यांच्यासाठी त्याने सुमारे दोन टन तीनशे किलो माल आणला होता, आणि त्यात इंधनही होते. माणसाशिवाय गेलेले, माणसांसाठी गेलेले हे पहिले मालवाहू यान. आपल्याकडील घरांची रचना आठवावी. पाहुणे पुढच्या दाराने येतात, पण घर चालते ते मागच्या दाराने येणाऱ्या दुधावर, भाजीवर आणि सरपणावर. अंतराळातही शेवटी तेच ठरले.

यानात माणूस नसतो याची दोन कारणे आहेत. माणूस म्हटला की त्याला बसावयास आसन हवे, श्वासास हवा हवी आणि मुख्य म्हणजे सुखरूप परत येणे हवे. परतीसाठी तापरोधक कवच, छत्र्या, असा बराच संसार वाहावा लागतो. डब्याला यातले काही लागत नाही. जे वजन उचलावयाचे त्याचा अधिकांत अधिक भाग मालासाठीच ठेवता येतो. 'प्रोग्रेस' तर परत यावयाचेच नसते. त्यातील माल काढून घेतला की घरातील केरकचरा त्यात भरतात, दार लावतात आणि त्याला सोडून देतात. पॅसिफिक महासागराच्या निर्जन भागावर ते वातावरणात शिरते व जळून जाते. जाण्यापूर्वी ते आणखीही एक काम करते. त्या उंचीवरही विरळ हवेचे कण असतातच. त्यांच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली सरकत असते. दाराशी उभे असलेले हे यान आपली एंजिने चालवून त्या सबंध घराला पुन्हा वर लोटते. माल आणावयाचा, घर सावरावयाचे, केर घेऊन जावयाचे आणि जळून जावयाचे, असा त्याचा जन्म आहे.

त्याची वाटचालही पाहण्यासारखी असते. पुढच्याला गाठावयाचे तर वेग वाढवावा, ही आपली जमिनीवरची समजूत. वर ती चालत नाही. वेग वाढविला तर यान अधिक उंच वर्तुळात चढते, आणि उंच वर्तुळात फेरीस अधिक वेळ लागतो, म्हणजे ते उलट मागे पडते. म्हणून ते आरंभी खालच्या वर्तुळातच राहते. खळ्यातील मळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे लवकर उमगेल. मेढीजवळच्या बैलाची फेरी लहान असते आणि कडेच्या बैलाची मोठी. वरच्या खळ्यात तर आतल्या बैलाची चालही जलद असते. अशा रीतीने ते आतल्या फेरीने अंतर तोडीत येते, आणि मग हलके हलके वर चढून, संदेशलहरींच्या खुणेने अंतर मोजीत, अगदी मुंगीच्या पावलाने दाराशी लागते. या पाठलागास पूर्वी दोन दिवस लागत. २०१८ साली एका 'प्रोग्रेस'ने तो चार तासांच्या आत पुरा केला.

हे सारे ऐकताना आमचे मन राहून राहून नाणेघाटाकडे जात होते. आमचे गाव टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या बाजूस. अंगणात उभे राहिले की सह्याद्रीची भिंत समोर दिसे, आणि तीत ती खाच. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी त्याच खाचेतून जुन्नराकडे आणि पुढे पैठणाकडे चढत असे. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची मोजदाद त्यात अंकांनी लिहिली आहे, आणि भारतात सापडलेल्या अतिप्राचीन अंकांत त्या अंकांची गणना होते. वर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. लहानपणी तो रांजण पाहून, तो भरल्यावर केवढा आवाज होत असेल, याची आम्ही कल्पना करीत असू. ती सगळी चढण ज्यांनी पाठीवर वाहिली त्यांची मात्र कोठे नोंद नाही. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले, आणि गोणी वाहणारा ज्या दगडावर पाय देऊन चढला तो दगड तेवढा झिजला.

आता आमच्या डब्याकडे वळू. १९७२ साली आम्ही कल्याणास शिकावयास गेलो. तिघांनी मिळून एक खोली घेतली होती आणि भात हाताने शिजवीत होतो. दर शनिवारी दुपारच्या गाडीने घरून एक पितळी डबा आणि तांदुळाची एक पिशवी येई. डब्यात मेतकूट, लसणीची चटणी, कधी कुळथाचे पीठ, आणि सणवार असेल तर फडक्यात बांधलेल्या दोन पुरणपोळ्या. बरोबर माणूस कोणी नसे. वडील गावाच्या फाट्यावर गाडी थांबवून तो ऐवज वाहकाच्या स्वाधीन करीत, आणि कल्याणास आम्ही तो उतरवून घेऊ. सोमवारी रिकामा डबा त्याच वाटेने परत जाई. त्या काळी आमच्या घरी दूरध्वनी नव्हता. डबा निघाला हे आम्हांस कळत नसे आणि पोहोचला हे आईस कळत नसे. रिकामा डबा परत आला, हीच तिला पोच.

ते वर्ष कोणते, हे वाचकांस सांगावयास नको. महाराष्ट्रावर दुष्काळ पडला होता. शिधावाटपाच्या दुकानांपुढे रांगा लागत, आणि परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी लोक नाक मुरडून खात. आमच्या बाजूस एरवी पावसाची ददात नसते, पण त्या साली आमच्या शेतातही भात निम्मेच उतरले होते. आम्हांस हे ठाऊक होते असे म्हणता येत नाही, आणि ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. अठराव्या वर्षी काही गोष्टी माणसास ऐकूनही ठाऊक होत नाहीत.

१९७३ च्या श्रावणात पावसाने झोडपून काढले. वाटेतील पुलावर पाणी चढले आणि ओळीने दोन शनिवार डबा आला नाही. सोबत्यांचेही हात आखडले होते. पहिल्या आठवड्यात आम्ही वरणाशिवाय भात खाल्ला, दुसऱ्यात भाताची पेज केली, आणि अखेरचे दोन दिवस चहा आणि चणे यांवर काढले. तिसऱ्या शनिवारी गाडी आली. पिशवी उचलताच ती हलकी लागली. तांदूळ नेहमीच्या निम्मेच होते. त्याच संध्याकाळी आम्ही एक कार्ड लिहिले. त्यातील मजकूर आम्हांस तोंडपाठ आहे: "डबा वेळेवर येत जावा. तांदूळ पुरत नाहीत. इकडे आमचे फार हाल होतात." खाली सही. नमस्कार लिहावयास जागा उरली नव्हती, असे नव्हे.

वरच्या त्या घरावरही असा प्रसंग आलेला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे यान परतीच्या वाटेवर भंगले. कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले. अमेरिकेने आपली ती मोठी याने अडीच वर्षे उभी करून ठेवली. तेवढ्या काळात स्थानकाचा सारा भार एकट्या 'प्रोग्रेस'वर पडला. तेवढ्या डब्यावर तिघांचे भागेना, म्हणून वस्ती दोघांवर आणली. तरीही २००४ च्या अखेरीस लिरॉय च्याओ आणि सालिझान शारिपोव या दोघांनी फडताळे मोजली, तेव्हा हिशेबापेक्षा शिल्लक कमी निघाली. दोघांनी जेवण कमी केले. पुढचे यान पोहोचले नाही तर घर बंद करून उतरावयाचे, असे ठरले. यान नाताळच्या दिवशी पोहोचले. त्या दोघांनी दार उघडताना काय वाटले असेल, हे आम्ही सांगू शकतो. आमच्या पिशवीचे तोंड आम्ही दातांनी सोडले होते.

डबा वाटेत हरवतोही. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेचे एक मालवाहू यान उड्डाणानंतर काही सेकंदांतच प्रक्षेपकासह जळाले. २८ एप्रिल २०१५ रोजी सुटलेले 'प्रोग्रेस' गिरक्या घेत भरकटले आणि काही दिवसांनी वातावरणात शिरून नष्ट झाले. २८ जून २०१५ रोजी आणखी एक अमेरिकी यान वाटेतच फुटले. आठ महिन्यांत तीन डबे गेले, आणि तिन्ही वेळा तारीख अठ्ठावीस! तरीही वर कोणी उपाशी राहिले नाही, कारण एव्हाना तेथे आगोटीची बेगमी करावयास सारे शिकले होते. पुढील कित्येक महिने पुरेल इतके अन्न आधीच साठविलेले होते. क्वचित डबाच घातक ठरतो. २५ जून १९९७ रोजी 'मीर' स्थानकावरील माणसांनी एक 'प्रोग्रेस' दुरून हाताने हाकण्याचा प्रयोग केला. ते आवरेना, आणि येऊन आदळले. एका दालनास भोक पडून हवा निसटू लागली. धावपळ करून तारा तोडल्या आणि त्या दालनाचे दार कायमचे लावून घेतले, तेव्हा तिघे बचावले.

या सगळ्या कथा आपण ऐकतो त्या वरच्यांच्या बाजूने. वर काय शिल्लक आहे, किती दिवस पुरेल, वरच्यांनी कसे सोसले. पाठविणाराच्या घरात काय शिल्लक आहे, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नाही, आणि त्याचे उत्तर आम्हांस पंचवीस वर्षांनी, न विचारता मिळाले.

१९९८ साली आई गेली. दिवस उरकल्यावर घर आवरीत असता देवघराशेजारच्या फडताळात तारेला ओवलेली जुनी पत्रे सापडली. त्यांत आमचे ते कार्ड होते. आम्ही ते वाचीत उभे असता आत्या जवळ आली. तिला वाचता येत नव्हते, पण कार्ड तिने ओळखले. म्हणाली, "त्या श्रावणात कणगीचा तळ लागला होता रे. वहिनी आम्हां सगळ्यांना नाचणीची आंबील वाढायची, आणि तांदूळ मूठमूठ बाजूला काढून तुझ्या पिशवीत टाकायची. तुझं कार्ड आलं तेव्हा दादानं ते वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, 'पोराला पुरत नाहीत म्हणे.' बाकी काही बोलली नाही."

आम्ही ते कार्ड खिशात घातले. अजून ते आमच्यापाशी आहे.

पाठविणाराच्या घरात डोकावून पाहावे, हे आम्हांस त्या दिवशी कळले. पण त्याचा अर्थ पुरता कळला तो शहापुरास येऊन राहिल्यावर. मुंबईत चाळीस वर्षे आम्ही नळ सोडला की पाणी येत असे. ते कोठून येते, हे भूगोलाच्या पुस्तकापुरते ठाऊक होते. तानसेचा तलाव १८९२ सालचा. पुढे वैतरणा आली, भातसा आली. आमच्या या तालुक्याच्या कुशीतून आणि शिवेवरून ते पाणी मोठमोठ्या नळांत शिरते आणि मुंबईच्या घराघरांत जाते. त्याच्याबरोबरही माणूस चालत नाही. त्यातले पुष्कळसे उताराने आपले आपण वाट काढते. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. मग टँकर येतो. तो विहिरीत पाणी ओततो आणि बायका हंडे-कळश्या घेऊन कडेला उभ्या राहतात. एका 'प्रोग्रेस'मधून सव्वाचारशे लिटरांच्या आसपास पाणी वर जाते, आणि ते पोहोचले की जगभर बातमी होते. टँकर आठ-दहा हजार लिटर पाणी आणतो, आणि तो आला नाही तरच पाड्यावर बातमी होते.

यावर कोणी म्हणेल, मग ती याने उडवावयाचीच कशाला? असे आमचे म्हणणे नाही. आमचा नाणेघाट कोणी बांधला नसता तर पैठण कोठे असते? आपला देशही आता त्या वाटेस लागला आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी भारताच्या दोन लहान उपग्रहांनी, आत माणूस नसता, अंतराळात एकमेकांस गाठून हात धरला. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचा आपला संकल्प आहे, आणि हा हात धरण्याचा अभ्यास त्यासाठीच आहे. उद्या आपले घर वर झाले म्हणजे आपल्यालाही डबा पाठवावा लागेल. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला त्या स्थानकावर राहून आले. त्यांनी बरोबर गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता, हे वाचून आमच्या घरातील स्त्रियांस जितका आनंद झाला तितका प्रक्षेपकाची उंची वाचून झाला नाही.

आम्हांस त्या वरच्या घराकडून घ्यावयाचे आहे ते निराळेच. वर पाणी नेणे फार खर्चाचे, हे ध्यानी घेऊन तेथील लोकांनी आपली मागणी कमी करावयास आरंभ केला. श्वासातील वाफ, अंगाचा घाम, इतकेच नव्हे तर मूत्रही गाळून, शुद्ध करून ते पुन्हा पिण्याचे पाणी करतात. २०२३ साली शंभरांतील अठ्ठ्याण्णव भाग पाणी असे परत मिळविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आरंभी हे वाचून आमच्या सौभाग्यवतीने पदर नाकास लावला. पण विचार केला तर त्यात ओंगळ काही नाही. पाठविणाराचे कष्ट ज्याने ओळखले त्याचे ते वर्तन आहे. डबा पाठविणारास पोच हवी असते ती नुसती 'मिळाला' एवढीच नव्हे. 'तुमच्या घरात किती उरले? आम्ही थोडक्यात भागवू,' अशी पोच मिळाली तर त्याची कणगी चार दिवस अधिक पुरते. मुंबईने तानसेस आणि भातसेस अशी पोच अद्याप दिलेली नाही. त्या मुंबईत चाळीस वर्षे आम्हीही होतो. नळ वाहता ठेवून दाढी करीत होतो.

२०२० च्या ऑक्टोबरात एक मालवाहू यान वर गेले. अशा यानांना दिवंगतांची नावे देण्याची त्यांची रीत आहे, आणि या यानाला कल्पना चावला हिचे नाव दिले होते. त्याने इतर सामानाबरोबर मुळ्याच्या बियांचा एक प्रयोग नेला आणि एक नवे शौचपात्र नेले. म्हणजे ज्यावाचून घर चालत नाही असेच सारे नेले. तीन महिने ते दाराशी राहिले, मग केर भरून घेऊन निघाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये ठरल्याप्रमाणे वातावरणात जळून गेले. जी परतीच्या वाटेवर जळाली तिचे नाव घेऊन जळणारा हा डबा कोणास अशुभ वाटला असेल. आम्हांस तसे वाटत नाही. घरासाठी ओझे वाहणाऱ्या बाईचे नाव त्यास शोभून दिसते.

त्या संध्याकाळी दोन्ही दिवे आग्नेयेकडे जाता जाता पृथ्वीच्या सावलीत शिरले आणि एकामागून एक मालवले. नातीने विचारले, "आजोबा, रिकाम्या डब्याचं काय होतं?" आम्ही तिला सांगितले, तो जळून जातो. ती म्हणाली, "मग पाठवणाऱ्यांना कसं कळतं, मिळाला ते?" आम्ही म्हणालो, वरचे लोक सांगतात. तिचे तेवढ्याने समाधान झाले.

आमचे झाले नाही. आमचे ते कार्ड घरी पोहोचले, त्यानंतरच्या शनिवारी गाडीतून पिशवी उतरविताना ती पूर्वीसारखी जड लागली होती. तांदूळ पुरते होते. आम्ही रिकामा डबा सोमवारी रीतसर परत पाठविला. पिशवी भरली कशी, एवढे मात्र आईस विचारावयाचे राहून गेले.